के. कामराज

कुमारस्वामी कामराज (१५ जुलै १९०३ – २ ऑक्टोबर १९७५) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, मद्रास राज्याचे मुख्यमंत्री आणि भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे अध्यक्ष होते. सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित प्राथमिक शाळांतून गरीब मुलांना दुपारचे जेवण देण्याची योजना त्यांच्या कारकिर्दीत मद्रास राज्यभर राबवली गेली. भारतातील शालेय मध्याह्न भोजनाच्या इतिहासात तिला महत्त्वाचे स्थान आहे.

प्रारंभिक जीवन

कामराज यांचा जन्म तत्कालीन मद्रास इलाख्यातील विरुदुपट्टी (आताचे विरुदुनगर) येथे नाडार समाजातील एका नारळ-व्यापाऱ्याच्या घरी झाला. वडील कुमारस्वामी यांचे कामराज लहान असतानाच निधन झाले आणि आई शिवकामी यांच्यावर संसाराचा भार पडला. कामराज ज्या क्षत्रिय विद्याशाळेत शिकत होते, ती समाजाने वर्गणीतून चालवलेली होती. तिच्या खर्चासाठी घरोघरी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवण्याची रीत होती. मात्र घरच्या अडचणींमुळे वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना शाळा सोडून मामाच्या कापडदुकानात काम करावे लागले. औपचारिक शिक्षण पुढे झाले नाही. वर्तमानपत्रे व पुस्तके वाचून त्यांनी आपले ज्ञान वाढवले.

स्वातंत्र्यलढा

कामराज तरुणपणीच काँग्रेसच्या कार्यात उतरले. १९३० च्या वेदारण्यम मीठ सत्याग्रहात त्यांना पहिला कारावास घडला. वेगवेगळ्या आंदोलनांत मिळून सुमारे आठ वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. १९४० मध्ये ते तमिळनाडू काँग्रेस समितीचे अध्यक्ष झाले. ते आजन्म अविवाहित राहिले.

मुख्यमंत्रिपद आणि शिक्षणविषयक धोरण

त्यांच्या आधीचे मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १९५३ मध्ये प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळेत मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली होती. जातीनुसार वाट्याला आलेला धंदाच मुलांच्या गळ्यात बांधला जाईल, अशी टीका तिच्यावर झाली. १३ एप्रिल १९५४ रोजी मुख्यमंत्री झाल्यावर कामराज यांच्या सरकारने ती योजना रद्द केली. त्यानंतर खेड्यापाड्यांतून नव्या प्राथमिक शाळा उघडण्यात आल्या आणि निःशुल्क शिक्षण टप्प्याटप्प्याने शालान्त वर्गापर्यंत नेण्यात आले.

मध्याह्न भोजन योजना

शाळा जवळ आली आणि फी माफ झाली, तरी गरीब मूल वर्गात येईलच असे नव्हते. गुरे राखणारे किंवा मजुरीला जाणारे मूल घराच्या पोटापाण्याला हातभार लावत असे. ते शाळेत गेले की तेवढी भाकरी घरात कमी होई. हे ओळखून १९५६ मध्ये मध्याह्न भोजन योजना सुरू करण्यात आली. कवी सुब्रह्मण्य भारती यांच्या जन्मगावी, एट्टयपुरम येथे, तिचा प्रारंभ झाला. असा प्रयोग मद्रास शहरात अपरिचित नव्हता. जस्टिस पक्षाच्या काळात, १९२० च्या सुमारास, महापालिकेच्या शाळेत मुलांना खाणे दिले जात होते. कामराज यांच्या काळात मात्र ही कल्पना राज्यभर, मुख्यतः ग्रामीण भागात, पोहोचली.

योजनेचा आरंभ लोकांच्या देणग्यांतून झाला. पुढे शासनाने नियमित अनुदान दिले. एका जेवणाचा खर्च दहा नवे पैसे धरून त्यातील सहा शासनाने व चार स्थानिक लोकांनी किंवा संस्थांनी द्यावेत, अशी विभागणी ठरली. अन्न शिजवून वाढण्याची व्यवस्था शाळेच्या पातळीवर होई आणि शिक्षकांवर तिची बरीच जबाबदारी असे. या कामी शिक्षण संचालक नॅ. दु. सुंदरवडिवेलू यांचा मोठा वाटा होता. १९६१ पासून केअर या संस्थेकडून अन्नपदार्थांची मदत मिळू लागली.

लोकसहभाग हे या योजनेचे बळ होते आणि मर्यादाही. सर्व मुलांना नव्हे, तर गरजू ठरवलेल्या मुलांनाच जेवण मिळे. शिवाय ज्या गावात देणारे हात कमी, तेथे स्थानिक वाटा उभा करणेही अवघड असे. म्हणजे गरज जास्त तेथेच अडचण जास्त.

१९५८ पासून शाळा सुधारणा परिषदांची चळवळ सुरू झाली. गावकऱ्यांनी बाके, फळे, पुस्तके, इमारती व कपडे शाळांना दिले. गरीब-श्रीमंत हा भेद वेशावरून दिसू नये, म्हणून मोफत गणवेशाचाही उपक्रम हाती घेण्यात आला.

राष्ट्रीय राजकारण

ज्येष्ठ नेत्यांनी सत्तापदे सोडून पक्षकार्य करावे, या ‘कामराज योजने’नुसार त्यांनी स्वतः २ ऑक्टोबर १९६३ रोजी मुख्यमंत्रिपद सोडले. केंद्रातून मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, स. का. पाटील आदींनी राजीनामे दिले. १९६४ मध्ये कामराज काँग्रेसचे अध्यक्ष झाले. नेहरूंनंतर शास्त्री आणि शास्त्रींनंतर इंदिरा गांधी यांच्या निवडीत त्यांची भूमिका निर्णायक ठरली. १९६७ च्या विधानसभा निवडणुकीत विरुदुनगर येथे त्यांचा पराभव झाला. १९६९ मध्ये ते नागरकोविल येथून लोकसभेवर निवडून आले.

मृत्यू व वारसा

२ ऑक्टोबर १९७५ रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. १९७६ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा सन्मान देण्यात आला. १९८२ मध्ये मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी तमिळनाडूत पौष्टिक भोजन योजनेचा मोठा विस्तार केला. १९९५ मध्ये केंद्र शासनाने प्राथमिक शाळांसाठी राष्ट्रीय पोषण कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात तो ‘शालेय पोषण आहार’ या नावाने परिचित आहे. शाळेत शिजवलेले अन्न द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. त्यामुळे जे जेवण पूर्वी देणगी व स्थानिक इच्छेवर अवलंबून होते, ते मुलांचा हक्क ठरले. कामराज यांचा जन्मदिवस तमिळनाडूत शिक्षण विकास दिन म्हणून पाळला जातो.