देहूचे तुकाराम

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांपासून थोड्याच अंतरावर, इंद्रायणी नदीच्या काठी देहू हे गाव आहे. इ.स. १६०८ च्या सुमारास तेथे तुकारामांचा जन्म झाला. वडिलांचे नाव बोल्होबा, आईचे कनकाई. घरी शेती होती, दुकान होते आणि सावकारीही होती. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे होते. त्यामुळे व्यापाराचा भार लहान वयातच तुकारामांवर आला.

पुढे एकामागून एक संकटे आली. आईवडील वारले. सावजींची पत्नी वारली आणि ते घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. त्यातच इ.स. १६३० चा भयंकर दुष्काळ पडला. दख्खन आणि गुजरात दोन्ही प्रदेश होरपळले. बादशहा शाहजहान तेव्हा बुऱ्हाणपुरास होता. त्याने लंगरखाने उघडले, अशी नोंद 'बादशाहनामा' या ग्रंथात आहे. बुऱ्हाणपूर मात्र देहूपासून फार दूर! तुकारामांची गुरेढोरे गेली, दुकान बुडाले, दिवाळे निघाले. पहिली पत्नी रखमाबाई भुकेने मेली. मुलगा संतोबाही गेला.

लोकांत तोंड दाखवण्याची त्यांना लाज वाटू लागली. मन शांत करण्यासाठी ते भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. हा डोंगर चाकणजवळ आहे. तेथे त्यांनी स्वतःच्या मनालाच प्रश्न विचारले. धन आले आणि गेले, मान मिळाला आणि गेला. मग आपले म्हणावे असे काय उरले? त्यांच्या मनात देवाची भक्ती उरली होती आणि दुःखी माणसांविषयी कळवळा उरला होता. यापुढे याच दोन गोष्टींना धरून जगायचे, असे त्यांनी ठरवले.

पण ठरवणे सोपे, वागणे कठीण. घरात लोकांची कर्जखते होती. उर्दूत 'ख़त' म्हणजे पत्र किंवा लिखाण. मराठीत तोच शब्द कर्जाच्या कागदालाही लावतात. असा कागद हाती असला की सावकाराला वसुली करता येई. दुष्काळाने नागवलेल्या शेतकऱ्यांकडून काय वसूल करणार? ज्यांचा कळवळा येतो, त्यांच्याच दारात उभे राहून पैसे मागायचे?

धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत आला, तेव्हा हा विषय निघाला, असे परंपरेने सांगतात. तुकारामांना सगळीच खते नदीत सोडायची होती. कान्होबाला पोटाची काळजी होती, आणि ती खोटी नव्हती. तेव्हा तुकारामांनी खतांचे दोन समान वाटे केले. भावाचा वाटा भावाला दिला, त्याच्यावर आपला निर्णय लादला नाही. आपला वाटा मात्र इंद्रायणीत बुडवला. काही कुटुंबांचे कर्ज त्या दिवशी कायमचे फिटले.

याची झळ घराला लागलीच. दुसरी पत्नी जिजाबाई हिला रिकाम्या घरात मुलाबाळांचा संसार करावा लागला. ती तापट होती, असे लोक सांगतात. पण तिची ओढाताणही ध्यानात घ्यायला हवी.

तुकाराम कीर्तन करू लागले, अभंग रचू लागले. त्यांच्या काही रचना हिंदुस्थानी बोलीतही आहेत. पुढे त्यांना विरोध झाला आणि अभंगांच्या वह्या त्याच इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकाराम तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसून राहिले. वह्या पाण्यातून कोरड्या वर आल्या, अशी भक्तांची श्रद्धा आहे. लोकांच्या तोंडी तर ते अभंग होतेच. इ.स. १८६९ मध्ये मुंबई सरकारच्या मदतीने त्यांची गाथा छापली गेली.

इ.स. १६५० मध्ये तुकाराम हे जग सोडून गेले. तेव्हा कान्होबाने थोरल्या भावाच्या विरहाचे अभंग रचले. खतांचा अर्धा वाटा मागून घेणाऱ्या त्या भावाचे अभंगही तुकारामांच्या गाथेत आहेत.