भीतीलाही भूल देणारा सर्जन

१८८७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात विल्यम लिंडमन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी ट्रामखाली सापडला. त्याचे पाय चेंगरले होते. शस्त्रक्रिया झाली, पण ‘शॉक’मधून तो बाहेर आलाच नाही. त्याचा मित्र जॉर्ज क्राइल त्याच वर्षी डॉक्टर झाला होता. शस्त्रक्रिया पार पडूनही रुग्ण का दगावतो, हा प्रश्न त्याने पुढे आयुष्यभर सोडला नाही.

ओहायोतल्या शेतकरी कुटुंबात १८६४ मध्ये जन्मलेल्या क्राइलने कुत्र्यांवर प्रयोग केले, रक्तदाब मोजला आणि एक वेगळा विचार मांडला. भूल दिल्यावर रुग्णाला वेदना जाणवत नाहीत, पण जखमेतून निघणारे संदेश नसांमधून मेंदूपर्यंत पोहोचतच राहतात. आदल्या दिवसापासून मनात बसलेली धास्ती त्यात भर घालते. म्हणून आधी मॉर्फिन आणि स्कोपोलामिन टोचून रुग्णाला शांत करायचे, नायट्रस ऑक्साइडने भूल द्यायची आणि शिवाय कापायची जागाही बधिर करायची, अशी त्याची पद्धत होती. भूल देण्याचे काम अगाथा हॉजिन्स ही परिचारिका करी.

थायरॉईड वाढलेल्या रुग्णांना तर नुसती भीतीही घातक ठरे. क्राइल त्यांना रोज खोलीतच भुलीचा मुखवटा हुंगायला लावी. नेमक्या कोणत्या दिवशी शस्त्रक्रिया होणार, हे रुग्णाला कळत नसे. याला चक्क ‘थायरॉईड चोरणे’ म्हणत! आजच्या संमतिपत्राच्या काळात हे खपणार नाही. पण भीती हाही आजाराचाच भाग आहे, हे त्याने ओळखले होते.

पहिल्या महायुद्धात त्याने फ्रान्समध्ये जखमी सैनिकांवर उपचार केले, १९२१ मध्ये तीन सहकाऱ्यांबरोबर क्लीव्हलँड क्लिनिक उभारले आणि १९४३ मध्ये तो वारला. शॉकमध्ये मेंदूच्या पेशी थकून जातात हा त्याचा सिद्धान्त टिकला नाही. त्याचा रोख मात्र बराचसा योग्य होता.

भीती आणि जखम यांमुळे शरीरात कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनालिन वाढते, हे आता आपल्याला माहीत आहे. त्यामुळे मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस लिम्फोसाइट घटतात, तर कर्करोगाच्या आणि विषाणूबाधित पेशी टिपणाऱ्या ‘नॅचरल किलर’ पेशी मंदावतात. जंतुसंसर्गाला वाव मिळतो तो याच दिवसांत. क्लोनिडिनसारखे औषध आधी दिले, तर तणावाच्या संप्रेरकांची ही उसळी कमी होते. गंमत म्हणजे क्राइलचे लाडके मॉर्फिन दुधारी निघाले. वेदना थांबवून ते शरीरावरचा ताण हलका करते; पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानेच प्रतिकारपेशींना दुबळे केलेले दिसले. अर्थात, म्हणून वेदना सोसत राहणे हा उपाय नव्हे. वेदनेचा ताणही प्रतिकारशक्तीला मारकच असतो.

इस्रायलमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ३८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काही जणींना शस्त्रक्रियेच्या पाच दिवस आधीपासून प्रोप्रॅनोलॉल आणि एटोडोलॅक ही औषधे दिली होती. त्यांच्या गाठींमध्ये कर्करोग पसरण्याच्या खुणा कमी आढळल्या. मात्र त्यामुळे कर्करोग उलटण्याचे प्रमाण घटते का, हे ठरवायला ३८ हा आकडा फारच तोकडा आहे.