बॉडीचं वेड राजालाही होतं! औंधचे भवानराव सूर्यनमस्काराकडे का वळले? जाणून घ्या

लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातही आता पोरांना महिन्या-दोन महिन्यांत पिळदार बॉडी हवी असते. हे वेड नवं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील औंधच्या राजपुत्रालाही ते लागलं होतं.

कोण होते भवानराव?
भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. त्या काळी शरीरसौष्ठवपटू युजीन सँडोचं नाव जगभर गाजत होतं. भवानरावांनी त्याची पुस्तकं आणि साधनं मागवली. १८९७ पासून सुमारे दहा वर्षं त्याच पद्धतीनं नेमानं व्यायाम केला.

बदल कधी झाला?
१९०८ च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांचं पाहून त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. त्याला ना साधनं लागत, ना खर्च. शिवाय सगळ्या शरीराला व्यायाम. १९०९ मध्ये गादीवर आल्यानंतर त्यांनी संस्थानच्या शाळांतही नमस्कार आणले. १९३८ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. १९५१ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आज याचा संबंध काय?
सँडोच्या काळात स्टेरॉइडची इंजेक्शनं नव्हती. प्रयोगशाळेत टेस्टोस्टेरॉन तयार झालं ते १९३५ मध्ये. त्यामुळे आज मोबाइलवर दिसणारी प्रत्येक बॉडी नुसत्या मेहनतीची असेलच असं नाही. मनानं घेतलेल्या स्टेरॉइडमुळे शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं, शुक्राणू घटतात, हृदय आणि यकृताला धोका पोहोचतो. जिममध्ये कुणी इंजेक्शन सुचवलं, तर आधी डॉक्टरांना विचारा.