भुयारी आगगाडीचे जनक : चार्ल्स पीअर्सन

जगांतील पहिली भुयारी आगगाडी लंडन शहरांत १८६३ सालीं धांवूं लागली. विद्यार्थिमित्रहो, एवढी गोष्ट तुम्ही भूगोलांत वाचली असेल. परंतु ज्यांच्या सुमारें सतरा वर्षांच्या अखंड खटपटीनें ती गाडी जन्मास आली, त्या चार्ल्स पीअर्सन यांचें नांव फार थोड्यांस ठाऊक असतें. हे गृहस्थ एंजिनियर नव्हते, मोठे भांडवलवालेही नव्हते. ते वकील होते. गरीब कामकऱ्याला मोकळ्या हवेंत घर मिळावें आणि तेथून रोज कामावर वेळेवर पोंचतां यावें, एवढ्यासाठीं त्यांनीं आगगाडीचा ध्यास घेतला.

पीअर्सन यांचा जन्म ४ ऑक्टोबर १७९३ रोजीं लंडन येथें झाला. त्यांचे वडील गाद्या व पिसें यांचा व्यापार करीत. मुलानें हाच धंदा पुढें चालवावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु चार्ल्स यांचें मन कायद्याच्या अभ्यासाकडे ओढलें गेलें आणि १८१६ सालीं ते वकील झाले. पुढल्याच वर्षीं त्यांचा विवाह मेरी मार्था डटन या चित्रकार स्त्रीशीं झाला.

अन्याय दिसला कीं स्वस्थ बसावयाचें नाहीं, हा त्यांचा स्वभावच होता. १६६६ सालच्या मोठ्या आगीच्या स्मारकस्तंभावर त्या आगीचा दोष रोमन कॅथॉलिक लोकांच्या माथीं मारणारा मजकूर कोरलेला होता. पीअर्सन स्वतः त्या पंथाचे नसतांही त्यांनीं तो खोटा कलंक पुसून टाकण्यासाठीं चळवळ केली, आणि १८३० सालीं तो मजकूर काढला गेला. यहुदी लोकांना शहरांत दलालीचा धंदा करण्याची मोकळीक मिळावी म्हणूनही ते झगडले. गॅस पुरविणाऱ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडण्यांतही त्यांचा पुढाकार होता. अशा या निर्भय पुरुषाला लंडनच्या सिटी नामक मध्यभागाच्या नगरसंस्थेनें १८३९ सालीं आपला वकील नेमिलें. ही जागा त्यांनीं मरेपर्यंत सांभाळली.

त्या काळच्या लंडनची स्थिति लक्षांत घेतल्यावांचून पीअर्सन यांच्या कार्याची थोरवी कळावयाची नाहीं. १८०१ सालीं सुमारें १० लाख वस्ती असलेलें हें शहर १८५१ पर्यंत २३ लाखांच्या वर गेलें. कामकरी मनुष्याला पायीं जाण्याइतक्या अंतरावरच राहणें भाग होतें, कारण घोड्यांच्या ऑम्निबसचें भाडें त्याला परवडत नसे. त्यामुळें मध्यवस्तींतील कोंदट गल्ल्यांत एकेका खोलींत अख्खीं कुटुंबें दाटीनें राहत. रोगराई तेथें कायमची वस्तीला आली होती. देशांत आगगाड्या सर्वत्र पसरत होत्या. परंतु त्यांचीं मोठीं स्टेशनें शहराच्या कडेला थांबलेलीं. तेथून पुढें माणसें, गाड्या आणि घोडे यांची रस्त्यांवर एकच गर्दी उडे.

१८४५ सालीं पीअर्सन यांनीं आपली योजना मांडली. फ्लीट नांवाच्या जुन्या ओढ्याच्या खोऱ्यांतून रस्त्याखालीं लोहमार्ग न्यावा आणि सिटीच्या दाराशीं, फॅरिंग्डन येथें, मध्यवर्ती स्टेशन बांधावें. परंतु लोहमार्ग हा त्यांच्या योजनेचा अर्धाच भाग होता. शहरापासून कांहीं मैल दूर, मोकळ्या जागीं कामकऱ्यांसाठीं हजारों लहान घरें बांधावीं, प्रत्येकापाशीं थोडी बाग असावी, आणि स्वस्त भाड्याच्या गाडीनें तीं घरें कामाच्या ठिकाणाशीं जोडावीं, असें त्यांचें म्हणणें होतें. घर एकानें बांधावयाचें आणि रस्ता दुसऱ्यानें आपल्या सोयीनें काढावयाचा, ही रीत त्यांना मान्य नव्हती. दोहोंचा विचार एकत्र झाला तरच शहर सुखी होईल, हें त्यांनीं ओळखिलें होतें.

१८४६ सालीं सरकारी चौकशी-मंडळापुढें त्यांनीं आपली बाजू मांडली. परंतु मध्यवर्ती स्टेशनाची कल्पना मंडळाला पटली नाहीं. दुसरा कोणी असता तर निराश होऊन बसला असता. पीअर्सन यांनीं मात्र पुरावा गोळा करण्यास आरंभ केला. शहराच्या प्रमुख वाटांवर माणसें बसवून त्यांनीं येणाऱ्याजाणाऱ्यांची मोजदाद करविली. १८५४ च्या सुमारास त्यांनीं पुढें ठेवलेल्या आंकड्यांवरून दिसून आलें कीं, रोज सुमारें २ लाख माणसें सिटींत पायीं येतात, तर ऑम्निबसनें येणारीं ४४ हजारांच्या आसपास आहेत. कल्पनेला जेव्हां आंकड्यांची जोड मिळते, तेव्हां तिला हंसणें कठीण जातें!

१८५४ सालीं पार्लमेंटनें मेट्रोपॉलिटन रेल्वेचा कायदा मंजूर केला. परंतु त्याच वेळीं क्रिमियाचें युद्ध चालू होतें आणि पैसा मिळेना. कंपनी मोडीत निघण्याची वेळ आली. तेव्हां पीअर्सन यांनीं पत्रकें काढलीं, सभा घेतल्या, आणि अखेर सिटीच्या नगरसंस्थेलाच २ लाख पौंडांचे शेअर घ्यावयास लाविलें. १८६० सालीं काम सुरू झालें. रस्ता खोदून खोल चर काढावयाचा, दोन्ही बाजूंस विटांच्या भिंती बांधून वर कमान घालावयाची, आणि मग पुन्हां रस्ता पूर्ववत् करावयाचा, अशी ती पद्धत होती. १८६२ च्या जून महिन्यांत फ्लीटचें गटार फुटून बांधकामांत पाणी शिरलें. तेंही संकट निभावलें. इतकें होऊनही पीअर्सन यांनीं कंपनीनें देऊं केलेलें बक्षीस घेतलें नाहीं, कारण आपण नगरसंस्थेचे चाकर आहों अशी त्यांची धारणा होती.

परंतु आपली गाडी धांवतांना पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. १४ सप्टेंबर १८६२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. पुरते चार महिनेही लोटले नाहींत तोंच, १० जानेवारी १८६३ रोजीं, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन हा सुमारें पावणेचार मैलांचा मार्ग लोकांस खुला झाला. पहिल्याच दिवशीं सुमारें ३८ हजार उतारूंनीं प्रवास केला. कंपनीनें पुढें त्यांच्या विधवा पत्नीस सालीना २५० पौंड देऊन कृतज्ञता व्यक्त केली.

आतां या कथेची दुःखद बाजूही सांगितली पाहिजे. गाडी झाली, पण कामकऱ्यांचीं घरें झालीं नाहींत. उलट लोहमार्गासाठीं व नव्या रस्त्यासाठीं फ्लीटच्या खोऱ्यांतील जुन्या चाळी पाडल्या गेल्या, आणि तेथील गरीब लोक शेजारच्या गल्ल्यांत अधिकच दाटीनें कोंबले गेले. ज्यांच्याकरितां खटपट केली त्यांनाच प्रथम त्याची झळ लागली. १८६४ पासून मेट्रोपॉलिटन रेल्वेनें कामकऱ्यांसाठीं पहांटेच्या स्वस्त गाड्या सोडल्या, आणि १८८३ सालीं अशा गाड्यांसाठीं कायदाच झाला. तेव्हां कोठें कामकरी वर्ग हळूहळू बाहेर पडूं लागला. पुढें १९१९ पासून त्याच रेल्वेशीं संबंध असलेल्या कंपनीनें आपल्या मार्गालगत वसाहती उभारल्या, त्या मात्र बहुतेक मध्यम वर्गासाठीं. सबंध लंडन व भोंवतालचा प्रदेश यांचा एकत्र आराखडा तर १९४४ सालीं तयार झाला, म्हणजे पीअर्सन यांच्या पहिल्या योजनेनंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं!

आपल्या मुंबईचेंही असेंच आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, आणि पुढें रुळांच्या कडेकडेनें शहर वाढत गेलें. सबंध प्रदेशाचा एकत्र विचार करण्यासाठीं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालें तें १९७५ सालीं. म्हणून बालमित्रहो, तुमच्यापैकीं जे पुढें एंजिनियर, अधिकारी किंवा नगरसेवक होतील, त्यांनीं पीअर्सन यांचा धडा विसरूं नये. नकाशावर लोहमार्गाची रेघ ओढण्यापूर्वीं तिच्या दोन्ही टोंकांस कोण राहतो, त्याची मिळकत किती, आणि रेघेखालीं कोणाचें घर जातें, हें आधीं विचारावें. हें काम सोपें नाहीं, आणि त्याचें फळ आपल्या हयातींत दिसेलच असेंही नाहीं. पीअर्सन यांना तें दिसलें नाहीं. तरीही त्यांनीं हातचें काम सोडलें नाहीं.