बाबूराव पेंटर : चित्रपटाच्या जाहिरातीला रूप देणारे कलामहर्षी

मूकपटांच्या आरंभीच्या काळात चित्रपटाची जाहिरात प्रामुख्याने शब्दांतूनच केली जात असे. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ मधील 'राजा हरिश्चंद्र'च्या जाहिरातीत चित्रफितीची लांबी आणि छायाचित्रांची हजारांतील संख्या सांगण्यात आली होती. काशीच्या स्मशानापर्यंत जाणारी ती कथा लोकांना तोंडपाठ होती. तेव्हा अप्रूप होते ते हलत्या चित्रांचे. जाहिरातीत चित्रपटाचे स्वतःचे रूप आणले ते कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. आतेभाऊ-मामेभावांच्या नात्याहून सख्ख्या भावासारखे असलेले आनंदराव आणि बाबूराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. या व्यवसायामुळेच 'पेंटर' हे आडनाव त्यांना चिकटले. फाळके यांचा चित्रपट पाहून दोघांनी चित्रनिर्मितीचा ध्यास घेतला. परंतु १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी शिष्य दामले यांच्या साहाय्याने कॅमेरा तयार केला आणि तानीबाई कागलकर यांच्या अर्थसाहाय्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली.

कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळक यांनी बाबूरावांचा 'सिनेमा केसरी' म्हणून गौरव केला. त्याच सुमारास फाळके स्वतःच्या कंपनीतील मतभेदांना कंटाळून काशीला गेले आणि तेथे 'रंगभूमी' हे नाटक लिहीत होते, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

बाबूरावांची कामाची रीत चित्रकाराची होती. चित्रीकरणापूर्वी ते प्रसंगांची व वेशभूषेची रेखाटने करीत. रंगवलेल्या पडद्यांऐवजी त्यांनी भरीव देखावे उभारले. त्याच हाताने ते चित्रपटाची भित्तिपत्रकेही रंगवीत. त्यामुळे भिंतीवर दिसणारे पात्र, त्याचा पोशाख आणि पडद्यावरील पात्र यांच्यात तफावत राहत नसे. छायाचित्रे आणि कथेची माहिती असलेल्या छापील पुस्तिका काढण्याची प्रथाही त्यांनीच रुजवली. बोलपट नसलेल्या त्या काळात अशी पुस्तिका प्रेक्षकाला किती उपयोगी पडत असेल, याची कल्पना सहज येते.

'सिंहगड' (१९२३) आणि 'सावकारी पाश' (१९२५) हे त्यांचे गाजलेले मूकपट. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कथा सांगणाऱ्या 'सावकारी पाश'ची जाणकारांनी वाखाणणी केली, मात्र पैसा मिळाला नाही.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे सहकारी बाहेर पडले व त्यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. तुतारी वाजवणाऱ्या युवतीचे प्रभातचे बोधचिन्ह घरोघरी ओळखीचे झाले. गुरूंची कंपनी मात्र फार काळ तग धरू शकली नाही. बाबूराव चित्रकला व शिल्पकलेत रमले. अधूनमधून चित्रपटही केले. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) हा त्यांपैकी एक. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

'सैरंध्री'ची फीत आज उपलब्ध नाही. 'कल्याण खजिना' या त्यांच्या मूकपटाचे १९२४ मधील भित्तिपत्रक मात्र टिकले असून, भारतातील सर्वांत जुन्या सचित्र चित्रपट-भित्तिपत्रकांत त्याची गणना होते.