गोचिडीचा माग काढणारा संशोधक : डॉ. हॉवर्ड रिकेट्स

रोगाचे मूळ शोधता शोधता त्याच रोगाला बळी पडलेल्या संशोधकांची परंपरा मोठी आहे. या परंपरेत डॉ. हॉवर्ड टेलर रिकेट्स यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. गोचीड हा एरवी गोठ्यातील गुराढोरांना छळणारा क्षुद्र जीव. परंतु तोच माणसाच्या जिवावर उठू शकतो, हे त्यांनी प्रयोगांती सिद्ध केले. अवघे ३९ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या संशोधकाच्या नावाने आज जिवाणूंचे एक संपूर्ण कुळ ओळखले जाते.

रिकेट्स यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात फिंडले या गावी झाला. नेब्रास्का विद्यापीठातून १८९४ मध्ये पदवी घेतल्यानंतर ते शिकागो येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वैद्यकशास्त्राकडे वळले आणि १८९७ मध्ये डॉक्टर झाले. खासगी व्यवसाय थाटून सुखाने जगणे त्यांना सहज शक्य होते. मात्र त्यांचा ओढा प्रयोगशाळेकडे होता. त्वचेच्या एका बुरशीजन्य रोगाचा अभ्यास करताना त्यांनी स्वतःच्याच शरीरात रोगजंतू टोचून घेतले होते. पुढील आयुष्याची दिशा जणू येथेच ठरून गेली. १९०० मध्ये मायरा टब्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर बर्लिन व पॅरिस येथे अध्ययन करून ते १९०२ मध्ये शिकागो विद्यापीठात विकृतिशास्त्राचे अध्यापक म्हणून रुजू झाले.

त्याच सुमारास मोंटाना राज्यातील बिटररूट खोऱ्यात एका भयंकर तापाने थैमान घातले होते. रॉकी पर्वताच्या कुशीतील या निसर्गरम्य खोऱ्यात वसंत ऋतू आला की लाकूडतोडे, शेतकरी आणि नव्याने वस्तीस आलेली कुटुंबे धास्तावत. प्रथम तीव्र डोकेदुखी व ताप, मग मनगट आणि घोट्यांपासून पसरत जाणारे लालसर पुरळ, आणि पुढे भ्रम व मृत्यू असा या तापाचा क्रम असे. खोऱ्यात लागण झालेल्या दर पाच रुग्णांपैकी तीन ते चार जण दगावत. विशेष म्हणजे, नदीच्या पश्चिमेकडील डोंगरपायथ्यालाच या रोगाचा जोर होता. पूर्वेकडील काठ जवळजवळ सुरक्षित होता. शेजारच्या आयडाहो राज्यात हाच ताप येई, पण तेथे शंभरात पाचेक रुग्णच प्राणास मुकत. पर्वतावरील बर्फ वितळून येणारे पाणी प्यायल्याने हा रोग होतो, अशी अनेकांची समजूत होती. विल्सन आणि चाउनिंग या संशोधकांनी १९०२ मध्ये गोचिडीविषयी संशय व्यक्त केला होता. मात्र त्यांनी सांगितलेला परोपजीवी इतरांना सापडला नाही आणि गोचिडीची कल्पनाही मागे पडली.

१९०६ च्या वसंतात रिकेट्स मिझूला येथे दाखल झाले. तेथील रेल्वे रुग्णालयाच्या आवारात उभारलेल्या तंबूत त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. रुग्णाचे रक्त टोचल्यावर गिनी पिग या प्राण्याला तोच रोग होतो, हे त्यांनी प्रथम दाखवून दिले. त्यानंतर आजारी गिनी पिगच्या अंगावर पोसलेली एक गोचीड त्यांनी निरोगी प्राण्याच्या अंगावर सोडली. थोड्याच दिवसांत तोही आजारी पडला! अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेतील डॉ. किंग यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला.

परंतु रिकेट्स एवढ्यावर थांबले नाहीत. प्रयोगशाळेत जे घडते, ते रानात घडते काय, हा खरा प्रश्न होता. गवतावर व झुडपांवर चढून बसणारी, वाटेने जाणाऱ्या जनावराला वा माणसाला चिकटणारी ही गोचीड वसंतातच का आढळते, ती कोठे वाढते, याचा त्यांनी बारकाईने छडा लावला. तिची पिल्ले खारींसारख्या लहान प्राण्यांचे रक्त शोषून वाढतात, तर पूर्ण वाढ झालेली गोचीड घोडे, गुरे आणि हरणे अशा मोठ्या प्राण्यांकडे वळते. रानातून गोळा केलेल्या शेकडो गोचिडींपैकी एखादीच रोगवाहक असते, हेही त्यांच्या ध्यानात आले. गोचीड चावलेल्या अनेकांना काहीच का होत नाही, या कोड्याचे उत्तर येथे मिळाले. शिवाय मादी आपल्या अंड्यांतून हा रोग पुढच्या पिढीकडे सोपवते, हे सिद्ध झाल्याने हिवाळा सरला तरी रोग का टिकून राहतो, याचाही उलगडा झाला. गुरांवरील गोचिडींचा नायनाट करणे आणि कुरतडणाऱ्या प्राण्यांची संख्या आटोक्यात ठेवणे, हा त्यांनी सुचवलेला उपाय याच निरीक्षणांवर आधारलेला होता.

रुग्णांच्या रक्तात आणि गोचिडीच्या अंड्यांत त्यांना अतिसूक्ष्म जिवाणू दिसले. मात्र हे जिवाणू प्रयोगशाळेतील नेहमीच्या माध्यमावर वाढेनात. कारण ते जिवंत पेशीतच वाढू शकतात, हे त्या काळी ज्ञात नव्हते. त्यामुळे रिकेट्स यांनी ठाम दावा करण्याचे टाळले.

मोंटानातील संशोधनासाठी निधी मिळण्यात अडचणी येऊ लागल्या. तेव्हा १९०९ च्या अखेरीस रिकेट्स टायफसच्या अभ्यासासाठी मेक्सिको सिटीला गेले. रसेल वाइल्डर हे तरुण सहकारी त्यांच्यासोबत होते. टायफसचा प्रसार अंगावरील उवांमुळे होतो, हे शार्ल निकोल यांनी ट्युनिसमध्ये नुकतेच दाखवले होते. रिकेट्स व वाइल्डर यांच्या प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मानाचे प्राध्यापकपद रिकेट्स यांची वाट पाहत होते. पण ते पद भूषविण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. ज्या टायफसचा ते शोध घेत होते, त्यानेच त्यांना गाठले. ३ मे १९१० रोजी मेक्सिको सिटीत त्यांची प्राणज्योत मालवली. मागे पत्नी आणि दोन लहान मुले होती.

१९१६ मध्ये दा रोशा लिमा यांनी टायफसच्या जिवाणूचे नामकरण रिकेट्सिया प्रोवाझेकी असे करून रिकेट्स आणि १९१५ मध्ये टायफसनेच मृत्यू पावलेले प्रोवाझेक या दोघांचीही स्मृती चिरंतन केली. बिटररूटच्या तापाचा जिवाणू आज रिकेट्सिया रिकेट्सी या नावाने ओळखला जातो आणि वेळीच डॉक्सिसायक्लिन दिल्यास रुग्ण वाचू शकतो.

रिकेट्स यांच्या कार्याचा धागा पुढे बिटररूट खोऱ्यातील हॅमिल्टन येथे १९२८ मध्ये उभ्या राहिलेल्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेने जपला. याच प्रयोगशाळेतील विली बर्गडॉर्फर हे न्यूयॉर्कजवळील शेल्टर बेटावरून आलेल्या गोचिडींची तपासणी करत असताना त्यांना लाइम रोगाचा सर्पिल जिवाणू सापडला. १९८२ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. लाइम पसरवणारी काळ्या पायांची गोचीड ही मात्र बिटररूटच्या गोचिडीहून वेगळी. तिचे वास्तव्य प्रामुख्याने अमेरिकेच्या ईशान्येकडील आणि मध्य-उत्तरेकडील जंगलांत असते. तिची खसखशीच्या दाण्याएवढी पिल्ले सहसा नजरेस पडत नाहीत.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात आढळलेला क्यासनूर जंगल ताप, म्हणजेच माकडताप, गोचिडींमुळेच पसरतो. त्याचा विषाणू पुण्यातील संशोधकांनी शोधून काढला. २०१६ मध्ये हा ताप सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. तेथे काजूच्या बागांत व रानात जाणाऱ्यांना अंगभर कपडे घालण्याचा आणि परतल्यावर अंग तपासून पाहण्याचा सल्ला दिला जातो. गोचीड कोठे राहते आणि माणसापर्यंत कशी पोहोचते, हे जाणून घेतल्याशिवाय तिच्यापासून बचाव नाही, ही रिकेट्स यांची शिकवण अशा रीतीने सह्याद्रीच्या रानातही तितकीच लागू पडते.