सुब्रह्मण्यन चंद्रशेखर : न्यूट्रॉन ताऱ्याकडे नेणारे गणित

जन्म १९१०, लाहोर. १९३० साली १९ वर्षांचे चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले. प्रवासातच त्यांनी गणित मांडले : इंधन संपलेला श्वेतबटू तारा ठरावीक वस्तुमानापलीकडे टिकू शकत नाही. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट. १९३५ मध्ये ज्येष्ठ शास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी लंडनच्या सभेत तिची खिल्ली उडवली. चंद्रशेखर पुढे अमेरिकेत गेले, दुसऱ्या विषयांकडे वळले. गणित मात्र खरे ठरले. मर्यादा ओलांडलेला गाभा कोसळून अब्जावधी अंश तापमानाचा न्यूट्रॉन तारा जन्मतो. त्याच्या केंद्रात न्यूट्रॉन विरघळून क्वार्क मोकळे होत असावेत, असा अंदाज आहे. १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९९५ मध्ये शिकागोत त्यांचे निधन झाले. पुण्याच्या आयुकातील सभागृहाला त्यांचेच नाव आहे.